डाव्या पायाचा एल

"मादाम पुजाद!"

पांढऱ्या झग्यातली पोरगी तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोण ही बहिरी पुजादबाई? ऑनोरीनही बघायला लागली. शेवटी पोरगी तिच्याच समोर येऊन उभी राहिली आणि हातातला कागद तिच्या नाकासमोर धरला.

"तुम्हीच ना पुजाद?"

"कागदावर असेन," ऑनोरीन म्हणाली.

तिचं काही चुकत नव्हतं. बिसाल गावात कुणाला आडनावानं हाक मारायची पद्धतच नाही. तिथे माणसं घराच्या नावानं ओळखली जातात. ती लाकूम घरची थोरली लेक, म्हणून लाकूमची ऑनोरीन. पुजाद हे तिच्या नवऱ्याचं आडनाव. तो लग्न करून लाकूम घरात राहायला आला, आल्या दिवशी आडनाव कोटाबरोबर खुंटीला अडकवलं आणि मरेपर्यंत लाकूमचा म्हणूनच जगला. थडग्यावर पुजाद कोरलं तेव्हा गावातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, भलताच कुणी पुरलाय.

आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कोतरेच्या गरम झऱ्यांवरच्या या गंधकाच्या वाफेत, एक विशीची पोर तिला पुजाद म्हणत होती आणि तिनं उठायचं होतं.

ती उठली. न उठून सांगते कुणाला? अठरा दिवसांचा उपचार होता. डॉक्टरनं लिहून दिलेला, सरकारी शिक्क्याचा. रविवार सोडून रोज सकाळी यायचं, गरम पाण्याची वाफ नाकात घ्यायची, गुळण्या करायच्या, पेलाभर पाणी प्यायचं. त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास. एक दिवस चुकला तर सगळा उपचार बाद, पुढच्या वर्षी पहिल्यापासून. हे डॉक्टरनं तिला दोनदा सांगितलं आणि तिच्या लेकीला, माइतेला, तीनदा. कारण लेकीकडे बघून त्याला कळलं होतं की पळून जाणारी कोण आणि धरून ठेवणारी कोण.

खोकला होता, हे खरं. साठ वर्षं गवताची धूळ छातीत भरून घेतलेली, तो काही शिट्टी वाजवत बाहेर पडणार नाही. हिवाळ्यात रात्ररात्र उशीवर बसून काढली होती. पण त्याचा उपचार काय, मेंढ्या डोंगरावर चरायला गेल्यावरही झाला असता. जूनमध्येच कशाला?

"जुलै-ऑगस्टमध्ये खोलीच मिळत नाही, आई," माइते म्हणाली होती.

"सप्टेंबरला?"

"सप्टेंबरला तू म्हणशील मेंढ्या खाली यायच्यात. ऑक्टोबरला म्हणशील बटाटे. जा आता गुपचूप."

मेंढ्या वर जायचा दिवस ठरलेला. वर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली कुरणं त्याच दिवशी उघडतात, एक दिवस आधी नाही. ऑनोरीननं बोटांवर मोजलं. उपचाराचा तेरावा दिवस, तिसऱ्या आठवड्याचा सोमवार. आणि त्याच्या दोन दिवस आधी मेंढ्यांच्या पाठीवर रंगानं घराची खूण करायची. ते काम घराच्या मालकिणीचं. आईनंतर तिनं केलं, छप्पन्न वर्षं, एकही वर्ष चुकवलं नाही. माइतेच्या वेळी, बाळंतपणात, आठव्या दिवशी उठून केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात तिनं शिक्का कधी दिला नाही. नवऱ्याच्यासुद्धा नाही.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिनं गोठ्यातल्या फळीवरून शिक्का उतरवला. हातभर लांब लोखंडी दांडा, टोकाला एल अक्षर. तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी, अंतर्वस्त्रांच्या खाली ठेवला. तिथे जावई हात घालणार नाही हे नक्की.

तिचा हिशोब सरळ होता. शिक्का नाही तर खूण नाही. खूण नाही तर मेंढ्या वर जात नाहीत. मग माइतेला गाडी काढून कोतरेला यावंच लागेल. "आई, चल" म्हणावंच लागेल. त्या दोन शब्दांसाठी ती हे सडकं पाणी आनंदानं पिणार होती.

*

कोतरे तिच्या गावापासून फार लांब नाही, पण ती तिथे राहिली कधी नव्हती. मेंढ्या घेऊन त्या गावातून जायचं आणि वर चढायचं, एवढंच. चालता चालता बघितलेलं गाव आणि अडकून पडलेलं गाव, यात फरक असतो. उंच उंच इमारती, त्यांच्या दारांवर दगडी बायका कपाळानं गॅलऱ्या तोलत उभ्या. चारी बाजूंनी डोंगर इतके अंगावर आलेले की आकाश बघायला मान मोडावी. भांड्याच्या तळाला चिकटलेल्या भातासारखं वाटायचं तिला. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. भिंतीवर एक पाइप होता. पहिल्या आठवड्यात तिनं त्या पाइपाचे सगळे सांधे पाठ केले.

रस्त्यावर हिंडायला शहरातली माणसं. पायात डोंगर चढायचे महागडे बूट, आणि चढायचे कुठे, तर मिठाईच्या दुकानाच्या पायऱ्या.

शेजारच्या खुर्चीवर रोज जिनेत असायची. बोर्दोची, ट्राममध्ये तिकीट तपासायची म्हणे, आता निवृत्त. अकरा वर्षं ही बाई इथे येत होती आणि नाकात नळी घातली की तिला स्वर्ग दिसायचा.

"अगं ऑनोरीन, किती शांत वाटतं ना!"

"मेल्यावर याहून शांत वाटतं."

"तुला काही आवडतच नाही बाई. काल धबधब्याला का नाही आलीस? उद्यानात घेऊन गेले होते, बसनं. कसली हवा!"

"त्या हवेत माझ्या मेंढ्या हगतात. मला बस नको तिथे जायला."

जिनेत खदखदून हसली आणि नळी निसटून वाफ तिच्या डोळ्यांत गेली. सोलेन, ती कागदवाली पोरगी, धावत आली. "मादाम पुजाद, हसवू नका बरं त्यांना!" ऑनोरीननं इकडेतिकडे पाहिलं, कुणाला म्हणते म्हणून.

शिक्का ती खोलीत ठेवायची नाही. साफसफाईला येणारी बाई उघडून बघेल, भंगार समजून टाकेल, काय नेम. रोज टॉवेल आणि पेल्याबरोबर तो पिशवीतून स्नानगृहात यायचा. पिशवी खुर्चीखाली. वाफ घेताना पायाच्या अंगठ्यानं चाचपायचं, आहे ना.

संध्याकाळी सहाला माइतेचा फोन.

"कशी आहेस?"

"धुतलेल्या भांड्यासारखी. घरी काय?"

"सगळं ठीक. कोकेतचा पाय बरा आहे, कळपापुढे चालतेय परत. लोकर कातरून झाली."

ऑनोरीन वाट बघायची. आता विचारेल. आता म्हणेल, आई, शिक्का कुठे दिसत नाही. माइतेही जरा थांबायची, जणू काही म्हणायचंय. मग म्हणायची, "बरं, जेव वेळेवर," आणि ठेवायची.

दहावा दिवस गेला. अकरावा गेला. पोरगी विचारेना. तिनं रात्री दोनदा उठून पाइपाकडे पाहिलं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, तिच्यानं राहवलं नाही.

"माइते, खुणा करायच्यात ना आज?"

"झाल्या."

"झाल्या म्हणजे?"

"फाब्रिसनं केल्या. मी कामावर होते. त्यानं प्लास्टिकचा साचा कापून आणला आणि फवारणीच्या डब्यानं केल्या. दोन तासांत सगळ्या."

"डब्यानं," ऑनोरीन म्हणाली. "जावयानं. रंगाऱ्यासारखं."

"शिक्का सापडला नाही आम्हाला."

"शोधलात?"

"शोधला की. आई, कुठे आहे गं तो?"

ज्या प्रश्नाची बारा दिवस वाट बघितली तो आला, आणि तोही उशिरा आला. आता त्याला उत्तर देऊन काय मिळणार होतं? ऑनोरीन म्हणाली, "फोनची बॅटरी संपत आली," आणि ठेवून दिला.

रविवारी ती खोलीतून बाहेर पडली नाही. जिनेत सूप घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवलं. पलंगावर बसून ऑनोरीननं शिक्का मोज्यातून काढला आणि मांडीवर घेतला. बिनकामाचं लोखंड. प्लास्टिकचा एक तुकडा आणि एक डबा, एवढ्यात छप्पन्न वर्षं मिटली. कुणी तिला कोंडून ठेवलं नव्हतं, दाराला कुलूप नव्हतं. चालत निघाली असती तर दुपारपर्यंत घरी पोचली असती. पण घरी जाऊन करायचं काय? तिथे तिच्यावाचून काही अडलंच नव्हतं. असं अडकणं तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

*

सोमवारी सकाळी नाकात नळी होती तेव्हा जमीन हलली. म्हणजे इतरांना काही कळलं नाही. ऑनोरीनला कळलं. आठशे पायांचा आवाज आधी हाडांत येतो, कानात नंतर. मग घंटा. त्यात कोकेतची, चिरलेली, जरा घोगरी.

तिनं नळी काढली.

"मादाम पुजाद, अजून आठ मिनिटं आहेत!" सोलेन दारात आडवी आली.

"तूच घे माझ्या वाटची."

"उपचार बाद होईल हं! मला लिहावं लागेल!"

"लिहायचं ते लिही. तुला येतं ना लिहायला? मग झालं तर." आणि पिशवी उचलून, पांढऱ्या झग्यात, पायात कागदाच्या सपाता, ऑनोरीन पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. मागोमाग जिनेत, तीही तशीच, नाक पुसत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. हातात फोन, खांद्यावर पोरं. मधून तिचा कळप येत होता. पुढे माइते काठी घेऊन, मागे फाब्रिस, हळूहळू चालणारी व्हॅन शेजारचा माणूस हाकत होता. कोकेत सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, अगदी नवरीसारखी.

आणि कोकेतच्या पाठीवर निळा एल. ऑनोरीननं डोळे पुसले, वाफ असेल म्हणून. परत बघितलं. दुसऱ्या मेंढीवर, तिसरीवर. सगळ्यांवर तेच.

एलचा पाय उजवीकडे होता.

"लासेर!" ती किंचाळली. "अरे, लासेरची खूण केलीत माझ्या मेंढ्यांना!"

आता हे लोकांना काय कळणार. लाकूम घरचा एल डाव्या पायाचा. ऑनोरीनच्या पणज्यानं लोहाराला कागदावर अक्षर काढून दिलं, लोहाराला वाचता येत नव्हतं, पणज्याला जेमतेम. लोहारानं जसं कागदावर दिसलं तसंच लोखंडात केलं. लोखंडावर सरळ दिसणारं अक्षर मेंढीवर उलटं उठतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. उठलं तेव्हा पणजा म्हणाला, असू दे, आपलं आहे. पुढे शेजारच्या लासेर घरानं शिकल्यासवरल्या माणसाकडून शिक्का करून घेतला, त्यांचा एल उजव्या पायाचा उठला. दोन्ही कळप एकाच कुरणात चरतात. डावा पाय लाकूमचा, उजवा लासेरचा, हे वरच्या गुराख्याला दुर्बिणीतून मैलावरून कळतं. शंभर वर्षं कुणाचं अडलं नाही.

आणि नेमका म्हातारा लासेर फुटपाथवर उभा होता, त्याचा कळप मागून यायचा होता. त्यानं टोपी काढली. "ऑनोरीन, एवढं आंदण? आमच्याकडे लग्न कुणाचं आहे गं?"

"तुझं लावू का कोकेतशी? तिला विचारते, ती नाही म्हणेल."

फाब्रिस पुढे आला. चांगला पोरगा, आर्जेलेच्या शाळेत गणित शिकवतो, चेहरा कायम नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा. "आई, तुम्ही अशा बाहेर? अहो, थंडी लागेल! बघितलंत का? मी नीट केला. इतकी वर्षं तो उलटाच होता."

"कुणी सांगितलं उलटा होता?"

"एल असा असतो, आई. सगळ्या जगात."

"जग येतं का माझ्या मेंढ्या राखायला? मास्तर, तुम्ही पोरांच्या वह्या तपासा. माझ्या मेंढ्या तपासू नका."

फाब्रिसचा चेहरा पडला. त्याला खरंच वाटलं होतं, म्हातारी खूश होईल. माइते मध्ये आली. तिनं आईकडे पाहिलं नाही, व्हॅनकडे गेली, मागचं दार उघडलं आणि निळ्या रंगाचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यावर लोकरीची गादी, शिक्का बुडवायची, तीही. झाकण आधीच सैल करून ठेवलेलं.

ऑनोरीन डब्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"शनिवारी कामावरून आले तेव्हा बघितलं. डोकं धरून बसले. फाब्रिस दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, म्हणजे मीच त्याच्याशी." माइतेनं डबा खाली ठेवला. "आणि शिक्का तुझ्याकडे आहे हे तू गेलीस त्याच दिवशी कळलं. फळीवर धुळीत त्याची जागा तेवढी स्वच्छ होती."

"मग आली का नाहीस न्यायला?"

"नेलं असतं तर तू परत आली असतीस का इथे? मला तुझी छाती हवीये, आई. पुढच्या हिवाळ्यातही हवीये." मग रागानं, "आणि तू का नाही सांगितलंस? एका शब्दाचं काम होतं!"

"तू विचारलंस का?"

"घ्या," जिनेत मागून म्हणाली. "दोघी एकाच साच्यातल्या."

गावचा पोलीस आला. रस्ता अडला, बसगाड्या थांबल्या, दहा मिनिटांवर देणार नाही म्हणाला. ऑनोरीननं त्याच्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून शिक्का काढला, मोजा जिनेतच्या हातात दिला, रंगात टेकवला आणि कोकेतच्या पाठीवर दाबला. सरळ वरून, तिरका नाही, श्वास घेऊन सोडेपर्यंत. उचलला. डावा पाय उठला. खाली मास्तराचा उजवा पाय होताच. आता एलला दोन्हीकडे पाय झाले.

"हे कुठलं अक्षर?" फाब्रिसनं हळूच विचारलं.

"वर जाऊन गुराख्याला सांगायचं, या वर्षी लाकूमला दोन पाय. पुढच्या वर्षी एक."

दुसरी मेंढी. तिसरी. माइते मेंढ्या धरून पुढे देत होती, फाब्रिस मुकाट्यानं डबा घेऊन सोबत सरकत होता. लोक फोटो काढत होते, त्यांना वाटलं कोतरेचा काही सण आहे. नवव्या मेंढीला ऑनोरीनची छाती शिट्टी वाजवायला लागली. दहावीला शिक्का हलला, ठसा फिसकटला. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा फिसकटला. ती वाकली, गुडघ्यावर हात टेकला. खोकल्यानं डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शिक्क्याचं टोक तिच्या झग्यावर टेकलं.

माइतेनं तिच्या हातातून दांडा घेतला. मागितला नाही, घेतला. ऑनोरीनची बोटं क्षणभर सुटली नाहीत, मग सुटली.

जिनेतनं तिला बाकावर बसवलं. तिथून ती बघत राहिली. पोरीला कधी शिकवलं नव्हतं, हातच लावू दिला नव्हता. माइतेनं शिक्का रंगात टेकवला, जास्तीचा झटकला, मेंढीच्या पाठीवर ठेवला. सरळ वरून. श्वास घेऊन सोडेपर्यंत. उचलला. ठसा स्वच्छ उठला. म्हणजे इतकी वर्षं दारामागे उभी राहून ही बघत होती.

चाळीसएक झाल्या तेव्हा पोलिसानं घड्याळावर बोट ठेवलं. "उरलेल्या वर फाटकापाशी करू," माइते म्हणाली. तिनं शिक्का पुसला आणि व्हॅनमध्ये ठेवला. आईकडे दिला नाही.

"मला घेऊन चला," ऑनोरीन म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं की आवाजात हुकूम नव्हता.

माइते तिच्यासमोर बसली, तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "पाच दिवस राहिलेत. शनिवारी सकाळी मी दारात उभी असेन. आजचा दिवस बाद होऊ देऊ नकोस. जा आत."

"आणि शिक्का?"

"फळीवर असेल. त्याच जागी."

कळप निघाला. कोकेतची घंटा वळणापर्यंत ओळखू आली, मग इतरांत मिसळली, मग नदीच्या आवाजात गेली. फाब्रिसनं दोनदा मागे वळून हात हलवला. दुसऱ्यांदा ऑनोरीननंही हलवला, जरासाच. मागून लासेरचा कळप आला, सगळे उजव्या पायाचे, आणि रस्त्यावर लेंड्यांखेरीज काही उरलं नाही. डोंगर होते तिथेच, चारी बाजूंनी.

आत सोलेन दारात कागद घेऊन उभी. "आठ मिनिटं राहिली होती तुमची. मी अजून लिहिलेलं नाही."

ऑनोरीन खुर्चीवर बसली, नळी हातात घेतली.

"अगंबाई, झग्याला काय लागलं हे?" सोलेन वाकली. पोटावर निळा ठसा होता. "एल आहे ना? पण उलटा आहे. द्या, बदलून आणते."

"उलटा नाही तो," ऑनोरीन म्हणाली. "आणि बदलायचा नाही. शनिवारपर्यंत हाच."

"असा कसा घालाल, मादाम पुजाद? लोक काय म्हणतील?"

"कोंडवाड्यात ठेवलंय ना? मग कुणाची ते कळायला नको?"

तिनं नळी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. सडक्या अंड्याची वाफ छातीत उतरली.